रोजच्या व्यवहारातला वयभेद कसा ओळखावा आणि कसा थांबवावा

ज्येष्ठांविषयीचा पूर्वग्रह बहुतेक वेळा काळजीचे रूप घेऊन येतो. "तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही बघतो ना" असे म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते, परंतु तेवढ्या एका वाक्याने समोरच्या व्यक्तीच्या हातातला निर्णय काढून घेतलेला असतो. उघड अपमान लगेच लक्षात येतो आणि त्याला विरोधही होतो. प्रेमाने केलेली ही बेदखली मात्र वर्षानुवर्षे तशीच चालू राहते. म्हणूनच तिच्याशी वागण्याची रीत वेगळी, अधिक सावध आणि अधिक चिकाटीची असावी लागते.

अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये या वृत्तीला स्वतंत्र नाव देऊन वंशभेद आणि लिंगभेद यांच्या रांगेत बसवले. मराठीत तिला वयभेद म्हणता येईल. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर दोन व्यक्तींपैकी एकीच्या मनात ज्येष्ठांविषयी असा पूर्वग्रह आहे. २०३० पर्यंत जगातील दर सहा माणसांमागे एक साठी ओलांडलेला असेल, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे. म्हणजे हा प्रश्न कोणा दुसऱ्याचा नाही. आज आपण जे वागणे चालवून घेऊ, तेच पुढे आपल्या वाट्याला येणार आहे.

पुढील पायऱ्या घरात, इमारतीत, दवाखान्यात, मंडळात किंवा कार्यालयात कोणालाही वापरता येतील. त्या याच क्रमाने घ्याव्यात असा माझा आग्रह आहे, कारण स्वतःची नजर तयार होण्याआधी इतरांना टोकायला निघालेला माणूस बहुधा भांडण ओढवून घेतो.

पहिली पायरी: आधी नुसते पाहावे

आठवडाभर कोणालाही काही न सांगता फक्त निरीक्षण करावे आणि जे दिसेल ते एका वहीत टिपावे. खिडकीवरचा कर्मचारी ज्येष्ठ ग्राहकाशी बोलतो की त्याच्या सोबत्याशी? सभेत ज्येष्ठ सभासद बोलू लागला की इतर जण मोबाइलमध्ये डोके घालतात का? कामांची वाटणी करताना कोणाचे नाव न विचारताच वगळले जाते? स्वतःच्या तोंडून निघालेली वाक्येही त्याच वहीत लिहावीत.

एखादी गोष्ट वयभेदात मोडते की नाही, हे ठरवण्यासाठी एक साधी कसोटी पुरते. त्याच प्रसंगी, तीच अडचण असलेली चाळीस वर्षांची व्यक्ती समोर असती तर आपण हेच बोललो असतो का, हेच केले असते का? हात मोडलेल्या चाळिशीतल्या माणसाची पिशवी आपण "घेऊ का?" असे विचारून उचलतो. सत्तरीतल्या माणसाच्या हातातून ती न विचारता घेतली, तर फरक गरजेमुळे पडलेला नसून वयामुळे पडलेला आहे.

ही टिपणे पाहताना एक गोष्ट ठळकपणे जाणवेल. ज्येष्ठांचा कोणी द्वेष करत नाही. त्यांच्याविषयी आपुलकी असते आणि भरवसा मात्र नसतो. मानसशास्त्रज्ञ सुझन फिस्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेल्या अभ्यासात नेमके हेच दिसले: ज्येष्ठांची प्रतिमा 'प्रेमळ, पण सक्षम नाहीत' अशी असते आणि अशा प्रतिमेच्या वाट्याला कीव येते. कीव करणारा स्वतःला चांगला माणूस समजत असल्यामुळे आपले काही चुकते आहे, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. पुढच्या सर्व पायऱ्यांमध्ये ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण आपल्याला दुष्ट माणसांशी नव्हे तर बहुतांशी भल्या माणसांशीच बोलायचे आहे.

दुसरी पायरी: स्वतःचे बोलणे सुधारावे

ज्येष्ठांशी बोलताना अनेकांचा आवाज नकळत चढा आणि लाडिक होतो, वाक्ये तुटक होतात, एकच गोष्ट दोन-तीनदा सांगितली जाते आणि "आज आपण औषध घेतलं का? शहाण्यासारखं घ्यायचं हं" अशी लहान मुलाशी बोलावी तशी भाषा सुरू होते. बोलणाऱ्याला ती मायेची वाटते. ऐकणाऱ्याला मात्र आपली समज गेली आहे असे गृहीत धरलेले कळते. या भाषेवर संशोधकांनी बराच अभ्यास केला आहे. क्रिस्टीन विल्यम्स यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्मृतिभ्रंश असलेल्या शुश्रूषागृहातील व्यक्तींशी अशा बालिश स्वरात बोलले असता, त्यांनी शुश्रूषेत सहकार्य करण्याऐवजी विरोध करण्याची शक्यता वाढलेली आढळली. स्मृती हरवत चाललेल्या माणसालाही अवहेलना कळते, याचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही.

वयानुसार होणाऱ्या बहिरेपणात प्रथम उच्च वारंवारितेचे ध्वनी ऐकू येईनासे होतात, त्यामुळे स, फ, थ यांसारखी व्यंजने निसटतात आणि शब्द ऐकू आला तरी नेमका कोणता ते उमगत नाही. चढा, किरटा आवाज ही अडचण वाढवतो. ओरडल्याने शब्द मोठा होतो, पण स्पष्ट होत नाही. म्हणून समोर येऊन, आपला चेहरा उजेडात राहील असे उभे राहून, नेहमीच्या किंवा किंचित खालच्या पट्टीत आणि थोड्या सावकाश गतीने बोलावे. दूरदर्शन संच चालू असेल तर आधी त्याचा आवाज बंद करावा. एखादे वाक्य समजले नाही तर तेच वाक्य मोठ्याने म्हणण्याऐवजी दुसऱ्या शब्दांत सांगावे.

प्रश्न विचारल्यावर थांबणे हा या पायरीतला सर्वांत अवघड भाग आहे. वाढत्या वयात माहितीवर प्रक्रिया करण्याचा वेग मंदावतो हे खरे. मात्र शब्दसंग्रह आणि साठवलेले ज्ञान बराच काळ टिकून राहते, कित्येकांत ते वाढतही जाते. उत्तर यायला काही क्षण लागले याचा अर्थ उत्तर नाही असा होत नाही. तेवढ्यात सोबतचा माणूस त्यांच्या वतीने बोलून टाकतो आणि मग "त्या काही बोलतच नाहीत" असा समज पक्का होतो.

अनोळखी ज्येष्ठ व्यक्तीला कोणत्या नावाने किंवा नात्याने हाक मारावी, हे त्या व्यक्तीलाच विचारावे. काहींना 'आजी' ऐकून बरे वाटते, तर काहींना आडनावानेच बोलावलेले आवडते. तीस वर्षे एखाद्या विषयाचे अध्यापन केलेल्या स्त्रीला सभेत 'आजी' म्हणून संबोधले, की त्या विषयातील तिच्या मताचे वजन तिथल्या तिथे कमी होते.

तिसरी पायरी: सोबत गेलात तर सोबतीच राहावे

दवाखान्यातील प्रसंग डोळ्यांसमोर आणावा. आई खुर्चीवर बसली आहे, मुलगी शेजारी आहे, डॉक्टर मुलीकडे पाहून विचारतात, "यांना झोप लागते का?" मुलगी लगेच उत्तर देते, पुढचा प्रश्नही मुलीलाच येतो, आणि ज्या शरीराविषयी हे सारे चालले आहे, त्या शरीराची मालकीण दहा मिनिटे गप्प बसून राहते. येथे मुलीने काय करावे? तिने उत्तर देऊ नये. मान वळवून आईकडे पाहावे, म्हणजे डॉक्टरांची नजरही आपोआप तिकडे जाते. तेवढ्याने भागले नाही तर "झोपेबद्दल आईच नीट सांगेल" असे शांतपणे म्हणावे. मूळ तक्रार सांगणे हा आईचा हक्क आहे, मुलीने औषधांची यादी जवळ ठेवावी, सूचना लिहून घ्याव्यात आणि काही राहून गेले असेल तर शेवटी "हे सांगू का?" असे आईला विचारूनच सांगावे. घरून निघण्याआधी कोण काय बोलणार हे दोघींनी ठरवून घेतले तर फार सोपे जाते.

"वय झालं, चालायचंच" हे उत्तर निदान म्हणून स्वीकारू नये. उदासी, स्मृतिभ्रंश, लघवीवर ताबा न राहणे हे वार्धक्याचे अटळ भाग नाहीत. अचानक उद्भवलेला गोंधळ किंवा असंबद्ध बोलणे जंतुसंसर्गामुळे अथवा औषधांच्या दुष्परिणामामुळे असू शकते आणि त्यावर तातडीने उपचार करावे लागतात. अशा वेळी "हेच लक्षण चाळिशीतल्या रुग्णाला असते तर आपण कोणती तपासणी सांगितली असती?" असा प्रश्न आदरपूर्वक विचारावा. हा प्रश्न डॉक्टरांवर आरोप करत नाही, तरी तपासणीची दिशा बदलू शकतो.

बँकेत, विमा कार्यालयात, वकिलाकडेही हीच रीत ठेवावी. कागद समोर आला की तो आधी ज्यांची सही हवी त्यांच्या हातात जाऊ द्यावा.

चौथी पायरी: टोकावे, पण माणूस न तोडता

"साठी बुद्धी नाठी" असे कोणी हसत हसत म्हणाले तर काय करावे, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. गप्प बसले की संमती दिल्यासारखे होते आणि चारचौघांत फटकारले की तो माणूस आपल्या बाजूने कधीच येत नाही. माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडते ते साधे, खरेखुरे कुतूहलाचे वाक्य: "असं का वाटलं तुम्हाला?" किंवा "त्यांना विचारलं होतं का?" उत्तर देताना बोलणाऱ्यालाच आपल्या गृहीतकाचा पोकळपणा जाणवतो. ते वाक्य खोचक स्वरात म्हटले तर मात्र त्याचा टोमणा होतो आणि सगळा उपयोग संपतो.

बोलण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्याव्यात. एक म्हणजे, ती ज्येष्ठ व्यक्ती तेथे उपस्थित असेल तर आधी तिच्याकडे पाहावे. ती स्वतः उत्तर देऊ इच्छित असेल तर आपण मध्ये पडणे हाही वयभेदच ठरतो. दुसरे म्हणजे, वाक्य अजाणतेपणी निसटले होते की त्यातून कोणाचे काही हिरावले जात होते? पहिल्या प्रकारात नंतर एकट्याला गाठून बोलावे. दुसऱ्या प्रकारात, उदाहरणार्थ कोणाला समितीतून वगळले जात असेल, तर त्याच ठिकाणी आणि त्याच वेळी बोलणे आवश्यक आहे: "हे काम त्यांना जमणार नाही असं ठरवण्याआधी त्यांनाच विचारू या."

कौतुकाच्या वेषातली वाक्येही येथेच येतात. "या वयातसुद्धा किती टापटीप राहता!" यातला 'सुद्धा' शब्द गाळून पाहिला की कौतुक निखळ होते. त्याचप्रमाणे ऐंशीव्या वर्षी पर्वत चढणाऱ्या एखाद्या व्यक्तीचे उदाहरण इतर सर्वांपुढे ठेवणेही टाळावे. ऐंशीच्या वयातील दोन माणसांच्या प्रकृतीत आणि क्षमतेत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. काठी घेऊन चालणाऱ्याने स्वतःला कमी समजावे, असे काही त्यात नाही.

एक सीमारेषा मात्र स्पष्ट असावी. पैसे काढून घेणे, कोंडून ठेवणे, धमकावणे, उपचार नाकारणे हा पूर्वग्रह नसून अत्याचार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार साठीपुढच्या सुमारे सहा व्यक्तींपैकी एकीला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा छळ सोसावा लागतो. तेथे समजुतीचे बोलणे पुरत नाही. त्या व्यक्तीशी एकांतात बोलून तिच्या संमतीने पोलीस, कायदेशीर मदत किंवा हेल्पलाइन गाठावी आणि जीवाला धोका दिसला तर क्षणभरही थांबू नये.

पाचवी पायरी: सभा, सूचना आणि मोबाइल

मंडळे आणि संस्था ज्येष्ठांचा सत्कार करतात, त्यांना व्यासपीठावर बसवतात आणि निर्णय मात्र दुसऱ्या खोलीत घेतात. मानाचे पद देण्यापेक्षा अधिकार असलेले काम द्यावे: हिशेब तपासणी, कंत्राटदाराशी वाटाघाटी, नव्या सभासदांचे प्रशिक्षण. काम देताना वय पाहू नये. त्या कामाचा अनुभव आणि इच्छा पाहावी.

सभेची जागा जिना न चढता पोहोचता येईल अशी असावी, ध्वनिक्षेपक असावा आणि "माझा आवाज पोहोचतो" असे म्हणून कोणी तो बाजूला ठेवू नये. विषयपत्रिका मोठ्या ठळक अक्षरांत आधी दोन दिवस द्यावी. केवळ व्हॉट्सॲपवर सूचना पाठवून "सर्वांना कळवले" असे इतिवृत्तात लिहिणे बंद करावे. फलकावर कागद आणि गरज असेल तेथे फोन, हे पर्याय कायम ठेवावेत. अर्ज ऑनलाइनच भरायचा असेल तर कागदी अर्जाची सोय शेवटच्या तारखेपर्यंत राहिली पाहिजे.

मोबाइल शिकवण्याची रीत थोडी सविस्तर सांगतो, कारण घरोघरी चुकते ती येथेच. शिकवणारा फोन आपल्या हातात घेतो, चार ठिकाणी भराभर बोट फिरवतो आणि "झालं, बघा" म्हणून परत देतो. काम होते, परंतु शिकणाऱ्याच्या पदरात फक्त आपल्याला हे जमत नाही ही भावना पडते. म्हणून पहिला नियम असा की फोन शिकणाऱ्याच्याच हातात राहावा आणि शिकवणाऱ्याने आपले हात मांडीवर ठेवावेत. अक्षरांचा आकार आधी मोठा करून घ्यावा. एका बैठकीत एकच काम घ्यावे, उदाहरणार्थ वीजबिल भरणे, आणि प्रत्येक टप्पा शिकणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत कागदावर लिहावा. आपण लिहून दिलेली यादी तितकी कामाची नसते. चुकीचे बटण दाबले गेले तर ओरडू नये, मागे कसे यायचे ते दाखवावे, कारण मागे येता आले की भीती जाते. दोन दिवसांनी तेच काम त्यांनी एकट्याने करावे आणि आपण जवळ नुसते बसावे. पासवर्ड त्यांचा त्यांच्याकडेच राहावा.

सहावी पायरी: वयांची सरमिसळ होईल असे काम काढावे

वयभेद कमी करण्याचे तीन मार्ग जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले आहेत: कायदे व धोरणे, शिक्षण आणि पिढ्यांमधला प्रत्यक्ष संपर्क. तिसरा मार्ग आपल्या हातातला आहे, परंतु नुसते एकत्र आणून भागत नाही. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये पूर्वग्रहांविषयी लिहिताना संपर्क उपयोगी ठरण्याच्या अटी सांगितल्या होत्या: दोन्ही बाजूंचा दर्जा समान असावा, उद्दिष्ट एकच असावे, ते सहकार्याने गाठायचे असावे आणि संस्थेचा त्याला पाठिंबा असावा. मुलांनी वृद्धाश्रमात जाऊन तासभर गाणी म्हणायची आणि परत यायचे, या कार्यक्रमात यांपैकी जवळपास एकही अट पूर्ण होत नाही. मुले देणारी आणि ज्येष्ठ घेणारे, हीच मुळातली प्रतिमा त्यातून घट्ट होते.

त्याऐवजी परिसराची पाहणी करावी. विशीतली एक व्यक्ती आणि सत्तरीतली एक व्यक्ती अशा जोड्या करून ठरलेल्या रस्त्यावरून चालावे आणि पदपथ कुठे तुटला आहे, बसायला बाक किती अंतरावर आहे, दिवे कुठे नाहीत, सिग्नल किती सेकंद हिरवा राहतो, हे नोंदवावे. पादचाऱ्यांच्या सिग्नलची वेळ ठरवताना अनेक देशांत सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालण्याचा वेग गृहीत धरतात. इंग्लंडमधील ६५ वर्षांवरील लोकांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पुरुषांचा सरासरी वेग ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८ मीटर आढळला. म्हणजे रस्त्याच्या मध्यावर अडकलेली व्यक्ती 'हळू' नसते. वेळच तिला वगळून आखलेली असते. ही मोजणी स्वतः घड्याळ लावून केलेल्या तरुणाला वेगळे भाषण द्यावे लागत नाही. शेवटी अर्ज दोघांच्या सहीने द्यावा आणि अधिकाऱ्यांसमोर दोघांनीही बोलावे.

सातवी पायरी: लेखी मागणी

एखाद्या संस्थेने वयाचे कारण देऊन नकार दिला, तर तो नियम लेखी मागावा. कित्येकदा नियम नसतोच, नुसती वहिवाट असते आणि लेखी मागितल्यावर ती मागे घेतली जाते. नियम असेल तर अर्जात चार गोष्टी असाव्यात: काय, कधी व कोठे घडले, कोणता नियम दाखवला, वयाऐवजी कोणती कसोटी योग्य ठरेल, आणि उत्तर किती दिवसांत अपेक्षित आहे. यांतील तिसरी बाब सर्वांत महत्त्वाची आहे. "सत्तरीपुढच्यांना स्वयंसेवक होता येणार नाही" याऐवजी "या कामासाठी दोन तास उभे राहता आले पाहिजे" अशी अट सुचवावी, म्हणजे संस्थेची खरी अडचणही सुटते आणि कोणी केवळ जन्मतारखेमुळे बाहेर राहत नाही. पोच घेतल्याशिवाय अर्ज देऊ नये.

आठवी पायरी: आतला आवाज

हा लेख वाचणारे स्वतः ज्येष्ठ असतील तर त्यांच्यासाठी, आणि नसतील तर पुढच्या काळासाठी, ही पायरी आहे. "आता या वयात काय करायचंय" हे वाक्य आपण लहानपणापासून इतके ऐकलेले असते की पुढे ते स्वतःलाच लागू करतो. येल विद्यापीठातील बेका लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील ओहायो राज्यातील ५० वर्षांवरील ६६० जणांच्या माहितीचा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध केला. स्वतःच्या वाढत्या वयाकडे चांगल्या नजरेने पाहणारे इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षे अधिक जगल्याचे त्यात दिसले. अशा अभ्यासातून केवळ विचारांनी आयुष्य वाढते असे सिद्ध होत नाही, तरी स्वतःविषयीच्या कल्पना गांभीर्याने घेण्यास हे पुरेसे कारण आहे.

चावी सापडली नाही की "वय झालं" म्हणण्याऐवजी "चावी ठेवताना लक्ष नव्हतं" असे म्हणून पाहावे; तरुणपणीही चाव्या हरवत होत्याच. मदत हवी असेल तर ती नेमकी सांगावी: "पिशवी घ्या, जिना मी चढतो." त्यामुळे मदत करणाऱ्याला अंदाज बांधावा लागत नाही आणि बाकीचे काम आपल्या हातात राहते. श्रवणयंत्र, काठी, चष्मा ही साधने वापरण्याचा संकोच करू नये, कारण न ऐकू आलेल्या सभेत मत मांडता येत नाही.

तीन महिन्यांनी पहिल्या आठवड्यातली वही पुन्हा उघडावी आणि तीच ठिकाणे, तेच प्रश्न घेऊन पुन्हा टिपणे करावीत. या वेळी टिपणे करण्याचे काम शक्यतो एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीने करावे आणि तिला जे दिसले ते आपल्या नोंदींशी जुळले नाही, तर तिच्या नोंदी ग्राह्य धराव्यात.